घाडीकाकांची बिनझाडाची झोळी

एका रविवारी सकाळी घाडीकाका आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धाडकन खाली आदळले, त्या दिवशी मी त्यांच्याशी पहिल्यांदा नीट बोलले.

चारकोपच्या त्या इमारतीत आम्ही कित्येक वर्षं एकत्र राहत होतो. ते तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात भेटले की मान हलवायची आणि गणपतीत आरतीला शेजारी उभं राहायचं, एवढीच आमची ओळख. त्या दिवशी मी सायकल धुवायला खाली गेले, तर पार्किंगमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांचा एक सांगाडा उभा होता. दोन्ही टोकांना तिपाईसारखे पाय, वरून जाणारा एक लांब दांडा आणि त्याला टांगलेली हळदीसारखी पिवळीधमक कापडी झोळी. आमच्या सायकलवाल्या पोरांच्या भाषेत हॅमॉक. काका चपला काढून त्यात आडवे झाले, आणि लगेच एका बाजूचे पाय फाकून सगळा संसार जमिनीवर आला.

वॉचमन धावला. वरच्या गॅलरीतून सेक्रेटरी पाटणकर ओरडले, "घाडी, पार्किंग आहे ते. चौपाटी नाही."

काका पडल्या जागेवरून म्हणाले, "मग लाव गाडी माझ्या अंगावर."

मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. उठून बसले, कोपर झटकलं आणि मला विचारलं, "तुझ्या सायकलवर मागे वजन किती राहतं गो?"

ठेंगणे, सावळे, कपाळ मोठं, केसांना तेल लावून चापून भांग पाडलेला. औषधांच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात नोकरी झाली होती. कंपनी मुंबईबाहेर गेली तेव्हा काका घरी बसले. तोंडाने फटकळ. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून अर्ध्या इमारतीशी त्यांचं वाजलेलं. रागावले की त्यांची भाषा चारकोप सोडून थेट मालवणात पोचायची.

आणि त्यांच्या घरातली गोष्ट सगळ्या इमारतीला माहीत होती. त्यांचा एकुलता एक मुलगा तेजस नाहीसा झाला होता. चांगला शिकलेला, हसरा मुलगा. डोंगर चढायचा, सुट्टीच्या दिवशी आरेच्या जंगलात झाडांना झोळी बांधून दिवसभर पडून राहायचा. मग हळूहळू त्याची झोप गेली. नोकरी गेली. एकटाच बोलायला लागला, बंद खोलीत घाबराघुबरा व्हायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एका सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, स्टेशनांवर फोटो लागले. वर्ष उलटून गेलं. लोकांनी विचारायचं बंद केलं होतं.

त्यामुळे ती झोळी बघून मला वाटलं, बरं झालं, काकांनी मन कशात तरी घातलं. निवृत्त माणसं बाग करतात, हे सायकल आणि हॅमॉक करतायत. मी आनंदाने मदतीला लागले. माझं काम लॅपटॉपवरचं, घरून चालणारं. वेळ काढता यायचा. मागच्या चाकाला कॅरिअर कुठला लावायचा, पिशव्या कशा बांधायच्या, ते मी त्यांना दाखवलं. स्टँड त्यांनी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यावर करून घेतला होता. पडल्यावर तो पुन्हा तिकडे गेला. गाळेवाला वैतागला होता. म्हणाला, "काका, दोन झाडं शोधा ना, कशाला एवढा खटाटोप?" काका म्हणाले, "तू पाय जोड. झाडांचं मी बघतो." शेवटी पाइप एकात एक सरकवून कापडी पिशवीत भरता येईल आणि सायकलच्या दांड्याला बांधता येईल असा एक स्टँड झाला. काकांनी त्यात झोपून, उड्या मारून, वॉचमनला बसवून बघितलं. टिकला.

सायकल त्यांनी तरुणपणी सोडली होती. सरावाला मी त्यांना आरे कॉलनीत न्यायला लागले. चढ आला की ते उतरायचे आणि सायकल ढकलत रस्त्याला शिव्या घालायचे. "ह्यो रस्तो कोणी केलो, मेल्यान." पण वर पोचेपर्यंत थांबायचे नाहीत. महिनाभरात चढावरही बसून राहायला लागले.

सामान लादून पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी मला खरा प्रकार कळला. ऊन चढलं होतं. म्हटलं, काका, इथे सावली आहे, इथे लावून बघूया. त्यांनी ऐकलं नाही. एका पाड्याच्या तोंडाशी, बसस्टॉपच्या समोर, भर उन्हात मोकळ्या जागेत त्यांनी स्टँड उभा केला.

"काका, झाडाखाली लावा ना. उन्हात कोण झोपणार?"

"झाडाखाली कोण बघणार?"

मला कळलं नाही. ते झोळीत जाऊन पडले. पाच मिनिटांत पाड्यावरची पोरं आली. झाडाशिवाय हवेत लटकलेला म्हातारा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पोरांमागून बायका आल्या, बसची वाट बघणारे रस्ता ओलांडून आले, तबेल्यावरचे दोघं-तिघं आले. कोणी पाइप हलवून बघतंय, कोणी विचारतंय कुठे मिळतो. काका उतरले, पोरांना आळीपाळीने झोका दिला, गप्पा मारल्या. गर्दी चांगली जमल्यावर त्यांनी खिशातून तेजसचा फोटो काढला.

परतताना ते म्हणाले, "भिंतीवरचा कागद कोण वाचत नाही. मी लावलेत ना, मला माहीत आहे. थांबवून विचारलं की लोक घाईत असतात. ही झोळी बघायला मात्र सगळे आपणहून येतात. आणि तो कुठे असलाच ना, तर हा पिवळा रंग लांबून ओळखेल. त्याचीच आहे ती."

"मग सायकल कशाला? एसटीने जा ना."

"एसटीतून माणसांची तोंडं दिसत नाहीत."

मग मी त्यांच्याबरोबर जायला लागले. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा. माझी आई सुरुवातीला कुरकुरली. नंतर तीच डब्यात चपात्या भरून द्यायला लागली. पहिली मोठी फेरी उत्तरेची होती. खाडीवर सायकली होडीत घातल्या, गोराईला उतरलो, उत्तनवरून पुढे, खाड्या ओलांडत, बंदराबंदराने चार-पाच दिवस. रात्री मी कुणाच्या तरी घरी बायकांत झोपायची आणि काका देवळापुढे, मच्छी सुकवायच्या मोकळ्या जागेत नाहीतर एसटी स्टँडसमोर त्या झोळीत. मोकळ्या जागेवर झाड नसतं, आणि नारळाला बांधू म्हटलं तर मालक ओरडतो. तो स्टँड नसता तर हे सगळं अशक्य होतं.

त्या प्रवासात मला काका कळले. कुठलंही गाव यायच्या आधी ते सायकल उभी करायचे. घामाचा टीशर्ट काढून प्लास्टिकच्या पिशवीतला इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे, केस विंचरायचे. मी एकदा विचारलं. म्हणाले, "ज्याचा पोरगा हरवला तो माणूस गबाळा दिसला की लोक काय म्हणतात? म्हणूनच गेला पोरगा." आणि शर्टाचं वरचं बटण लावून पुढे निघाले.

दुसरी सवय अजून विलक्षण होती. फोटो बघून कोणी म्हणालं, हो हो, पाहिलाय याला, तर ते विचारायचे, "कपाळावर मोठा व्रण होता का? या इथे?" तेजसच्या कपाळावर कसलाच व्रण नव्हता. समोरचा म्हणायचा, होता ना, चांगला मोठा व्रण. काका हात जोडून त्याचे आभार मानायचे आणि फोटो खिशात ठेवायचे.

"लोक मायेपोटी खोटं बोलतात," एकदा ते मला म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. त्यांचा राग नाही येत. पण माझे गुडघे दुखतात गो."

उत्तरेकडच्या एका कोळीवाड्यात त्यांनी मासळी सुकवायच्या जागेवर झोळी लावली तेव्हा एक धिप्पाड म्हातारी टोपली घेऊन अंगावर आली. "कनचा तू? कुठशी आयलास? ही तुज्या बापाची जागा हाय?" काका तिच्याशी तितक्याच आवाजात भांडले. शेवटी म्हातारी म्हणाली, बघू तरी कसला पाळणा तो, आणि स्वतःच आत जाऊन पडली. पडल्या पडल्या तिने फोटो बघितला आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, बंदरावर असाच एक पोरगा चार दिवसांपासून बसलेला असतो, कुणाशी बोलत नाही. काकांनी व्रणाचं विचारलं. म्हातारी म्हणाली, "व्रण नाय. कपाल चांगला हाय."

काकांनी झोळी तशीच सोडली आणि सायकलवर बसले. मी त्यांच्यामागे कशीबशी पोचले. धक्क्याच्या टोकाला जाळ्यांच्या ढिगापाशी एक मुलगा पाठमोरा बसला होता. केस वाढलेले, अंगात फाटका शर्ट. काकांनी लांबूनच हाक मारली, "तेजू." तो वळला.

तेजस नव्हता. त्याच वयाचा, तसाच बारीक, दुसराच कोणी तरी.

काका त्याच्यासमोर उकिडवे बसले. मला वाटलं आता हे कोसळणार. त्यांनी त्याला चहा पाजला, वडापाव खायला घातला, आणि तासाभराने त्याच्याकडून त्याच्या भावाचा फोन नंबर काढून घेतला. नाशिककडचा होता. काकांनी तिथूनच फोन लावला. आनंदाने सांगायला लागले, अहो, तुमचा भाऊ सापडलाय, असा असा आहे, या घ्यायला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काकांचा चेहरा फक्त दिसत होता. "असं कसं म्हणता तुम्ही?" एवढं ते दोनदा म्हणाले. मग फोन बंद झाला. पुन्हा लावला, लागला नाही.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आम्ही सगळे विधी करून मोकळे झालोय. आता नका पाठवू."

तो मुलगा वडापावचा कागद चाटत होता. काका उठून धक्क्याच्या कडेला गेले आणि समुद्राकडे तोंड करून त्यांनी मालवणीत जे काही बोलून घेतलं, ते इथे लिहिता येणार नाही. मग शांत झाले. त्या मुलाला आम्ही तालुक्याला एका संस्थेत पोचवलं, त्यात आमचा अख्खा दिवस गेला. निघताना त्या मुलाने काकांचा शर्ट धरून ठेवला होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्यानंतर बराच वेळ ते सायकल चालवत नव्हते, ढकलतच होते. चढ नव्हता तरी. मी म्हटलं, काका, घरी जाऊया का? ते म्हणाले, "त्याचा भाऊ शोधत नाही म्हणून तो तिथे बसलेला. माझा कुठे बसलाय?" आणि पुढच्या गावाचा रस्ता धरला.

सुलभाकाकी, म्हणजे काकांची बायको, या फेऱ्यांच्या पूर्ण विरोधात होती. एका दुपारी तिने मला घरात बोलावलं. सोलकढीचं भांडं पुढे ठेवलं, स्वतः समोर बसली. बारीक, शांत बाई. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"तू जातेस ना त्यांच्याबरोबर. मग तूच सांग त्यांना, आता बास म्हणावं."

"काकी, त्यांना आशा वाटतेय..."

"मला पण वाटत होती. एक गेला आणि दुसरा दर महिन्याला घर सोडून जातो. छातीत दुखतं त्यांच्या, तुला सांगितलंय का? नसेल." तिने भांडं माझ्यापुढे अजून सरकवलं. "मला आता एकदा रडून मोकळं व्हायचंय गं. हा माणूस मला रडू देत नाही. जरा डोळे पुसले की म्हणतो, मेलाय काय तो?"

मी काकांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. आम्ही सोसायटीच्या गेटपाशी उभे होतो. ते म्हणाले, "तिने दाराची कडी नव्हती लावली. मी लावली होती."

मग त्यांनी सांगितलं. तेजस घराबाहेर भटकायचा, कुठेही जायचा, म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत काका त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावत होते. तो आतून दार वाजवायचा. आधी जोरात, मग हळूहळू, मग नुसती नखं घासायचा. काका बाहेर खुर्ची टाकून बसायचे. "त्याच्या भल्यासाठीच केलं. डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं." ज्या सकाळी तो गेला त्या दिवशी कडी काढून काकांनी स्वतःच त्याला दुधाला पाठवलं होतं, आज बरा दिसतोय म्हणून. "आता तूच सांग मला, बास कसं म्हणू?"

पुढच्या फेरीला मी पुन्हा त्यांच्याबरोबर निघाले.

दक्षिणेच्या दोन फेऱ्या झाल्या. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने सायकली पलीकडे न्यायच्या, आणि अलिबाग, मुरूड करत किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. दुसऱ्या फेरीत काकांची तब्येत बिघडली, एका आरोग्यकेंद्रात सलाईन लावून पडले. सगळीकडे तेच. झोळी बघायला माणसं जमायची, फोटो बघून मान हलवायची. त्या फेरीहून परतल्यावर काकांनी स्टँड पिशवीत भरून पलंगाखाली सरकवला. कोणाशी भांडेनासे झाले. पाटणकरांनी पार्किंगमध्ये दुसरी गाडी आडवी लावली तरी बोलले नाहीत. भांग विस्कटलेला तसाच घेऊन खाली येऊन बसायचे. काकी मला म्हणाली, "यापेक्षा फिरत होते ते बरं होतं."

पावसाळा संपता संपता फोन आला. रत्नागिरीकडच्या एका मासेमारी बंदरावरचा चहावाला होता. आम्ही तिथून गेलो तेव्हा तो हौसेने झोळीत पडला होता आणि त्याच्या पोराने त्याचा फोटो काढला होता. तो मोठा करून त्याने टपरीत लावला होता. आता बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला आलेला एक माणूस रोज टपरीसमोर येऊन त्या फोटोकडे बघत उभा राहायचा. आदल्या दिवशी त्याने बोट दाखवून म्हटलं होतं, ही माझी आहे.

मी त्या वेळी त्यांच्याच घरात होते. काकांनी फोन कानाला लावून विचारलं, "कपाळावर व्रण आहे का त्याच्या?"

चहावाल्याचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "व्रणबिण काय नाय हो. कपाळ साफ आसा."

काका उंबऱ्यातच खाली बसले.

त्या वेळी तरी गाडीने जावं असं मी सुचवलं. गाडीने गेलो, पण काकांनी सायकल आणि स्टँड टपावर बांधून घेतलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर पोचलो. कारखाना धक्क्याला लागूनच होता. मी आत जाऊन विचारते म्हटलं, तर त्यांनी माझा दंड धरला.

"आत कोणी जायचं नाही. त्या कारखान्याला दार एकच आहे. आपण दारात उभे राहिलो तर तो कुठून जाईल?"

त्यांनी धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत स्टँड उभा केला, झोळी टांगली आणि बाजूला दगडावर बसले. माणसं जमली, त्यांना चहावाल्याने पांगवलं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून माणसं बाहेर पडायला लागली. सगळ्यांत शेवटी कोणी तरी बाहेर आलं. दाढी वाढलेली, खांद्यावर गोणपाट, पायात गमबूट. झोळी दिसली तसा थांबला. मग सरळ चालत आला. काकांकडे बघितलंच नाही. कापडाला हात लावला.

"ही माझी आहे."

"तुझीच आहे," काका म्हणाले.

"मग इथे कोणी आणली?"

"मी. तुला द्यायला."

तेजसने पाइप दाबून बघितला. "आणि हे?"

"हे करून घेतलं. झाड लागत नाही."

त्याने गमबूट काढले आणि झोळीत आडवा झाला. थोड्या वेळात झोपला. वारा भन्नाट होता, स्टँड एका बाजूने उचलायला लागला. काका उठले आणि त्या बाजूच्या पायावर स्वतः बसले. ऊन अंगावर आलं. मी छत्री आणली, ती त्यांनी तेजसच्या तोंडावर धरायला लावली. माझे हात भरून आले की चहावाला धरायचा. काका दुपार टळेपर्यंत त्या पाइपावरून उठले नाहीत.  फक्त त्याच्याकडे बघत होते.

तो जागा झाला तेव्हा पहिल्यांदा त्याने बापाच्या डोळ्यांत बघितलं. "कडी लावलीस?"

"इथे दार नाही, बाबू."

"मी घरी येणार नाही."

"नको येऊ."

"तू जा."

"ते मात्र जमणार नाही," काका म्हणाले.

तेजस उठला, बूट घातले आणि कारखान्यात परत गेला. काकांनी काकीला फोन लावला. तिचा आवाज येताच तो माझ्या हातात दिला. मी सांगितलं.  काकी म्हणाली, "मी उद्या निघते. त्याला सांगू नका मी येतेय म्हणून. घाबरून जाईल."

पुढे सगळं सुरळीत झालं, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तेजस बरा झाला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काही दिवस घ्यायचा, काही दिवस थुंकून टाकायचा. कधी दिवसभर डोंगरात जाऊन बसायचा. चारकोपला तो कधीच आला नाही. म्हणून काका-काकींनी चारकोपचं घर भाड्याने दिलं आणि बंदरावर एक खोली घेतली. काकांनी कारखान्याच्या मालकाकडे काम मागितलं. मालक आधी हसला, या वयात बर्फ ओढणार का म्हणून. काका रोज जाऊन उभे राहिले, तेव्हा कंटाळून त्याने ठेवून घेतलं. तेजस खोलीत झोपत नव्हता. तो बाहेर अंगणात त्या झोळीत झोपायचा आणि काका खोलीचं दार सताड उघडं टाकून उंबऱ्याला उशी लावून पडायचे. काकी फोनवर सांगायची. एकदा म्हणाली, त्याने आज नखं कापू दिली. एकदा म्हणाली, दोन दिवस झाले, आला नाहीये, हे बसलेत वाटेकडे डोळे लावून.

काका गेले ते मागच्या पावसाळ्यात. तालुक्याच्या हॉस्पिटलात नेताना, रिक्षातच. रस्ता खचला होता, मी दुसऱ्या दिवशी पोचले. काकी म्हणाली, तेजस स्मशानात आला होता. लांब काजूच्या झाडाखाली उभा राहिला, लोक गेल्यावर जवळ गेला. चिता पुरी विझेपर्यंत तिथेच बसला होता. काकी अजून तिथेच राहते. चारकोपला चल म्हटलं तर म्हणते, त्याला सोडून कशी येऊ.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या थंडीत. त्या वेळी मी एकटीच सायकलने गेले होते, न कळवता. बंदरावर उतरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर मी थांबून पाणी पीत होते. खाली धक्क्यावर बोटी लागल्या होत्या आणि बर्फाच्या लाद्या हातगाडीवरून नेत होते. एक हातगाडी पुढून तेजस ओढत होता, मान खाली घालून, कशातच लक्ष नसल्यासारखा. मागून काका दोन्ही हातांनी रेटत होते. त्यांची पाठ वाकली होती. गाडीतून पाणी गळत होतं, त्यात त्यांचे पाय घसरत होते, ते पुन्हा सावरत होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं. काकांनी मान वर केली, मला बघितलं. गाडीवरचा एक हात काढून त्यांनी मला तिथेच थांब अशी खूण केली. मग तो हात परत गाडीला लावला आणि तेजसच्या मागोमाग धक्क्याच्या टोकाकडे गाडी रेटत निघाले.